एवढ्याशा दातासाठी सांगली कशाला?

पत्र

डॉक्टर मॅडम, सा. न.

आम्ही तासगाव तालुक्यात मळ्यात राहतो. सोमवारी संध्याकाळी धारा काढायच्या वेळेला एक अनोळखी कुत्रं गोठ्यात शिरलं आणि म्हशीच्या नाकाडाला चावलं. त्याला हुसकायला माझा सात वर्षांचा मुलगा काठी घेऊन धावला, तर त्याच्या पोटरीला दात लावून कुत्रं उसात पळालं. परत दिसलं नाही. जखम म्हणाल तर दोन ठिपके, थोडं रक्त. सासूबाईंनी लगेच हळद आणि चुना भरला, म्हशीच्या नाकालाही हळद त्यांनीच लावली.

मंगळवारी मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. दोन्ही दंडांत सुई दिली, कागदावर पुढच्या तारखा लिहून दिल्या. तिथले डॉक्टर म्हणाले, जखमेत द्यायचं औषध आमच्याकडे नाही, त्याला सांगलीला घेऊन जा. घरात सगळे म्हणतात, सुई झाली आहे, एवढ्याशा दातासाठी सांगली कशाला? मिस्टर म्हणतात कुत्रं पिसाळलेलं वाटत नव्हतं, दहा दिवस बघू. भावकीतले एक काका दोरा बांधून आणायला सांगतात. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील म्हणून मुलाला कुणीतरी घाबरवलंय.

दुसरं म्हणजे दूध. म्हशीचं दूध आम्ही पितो, उरलेलं डेअरीला आणि शेजारी रतीबाला जातं. शेजारणीनं रतीब बंद केला. दूध प्यावं का? मला पाचवा महिना आहे. म्हशीचं सगळं मीच करते, लाळ हाताला लागते. मला सुई घ्यावी लागेल का, आणि घेतली तर बाळाला काही होईल का?

नाव छापू नका.

उत्तर

ताई, तुमचं पत्र शुक्रवारी हातात आलं. खाली फोन नंबर होता, म्हणून छापून येण्याची वाट न बघता त्याच संध्याकाळी मी तुमच्याशी बोलले. शनिवारी तुम्ही मुलाला सांगलीला नेलंत, जखमेतलं औषध मिळालं. माझा जीव खाली पडला. तरी पत्र छापते आहे, कारण तुमच्या घरात जे बोललं गेलं ते तसंच्या तसं तासगावपासून जतपर्यंत आणि तिकडे माण-खटावातही रोज बोललं जातं.

सांगलीला जाणं इतकं का गरजेचं होतं, ते आधी सांगते. घरच्यांना ते पटलेलं नाही असं फोनवर जाणवलं.

रेबीजचा, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाचा, विषाणू तो रोग झालेल्या कुत्र्याच्या लाळेत असतो. दात लागला की तो मांसात उतरतो, तिथून जवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि मज्जातंतूच्या आतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुतेकांच्या बाबतीत एक ते तीन महिने लागतात. कधी आठवडाभरातही होतं, कधी वर्ष जातं. या काळात माणसाला काही त्रास नसतो, जखम भरून आलेली असते, घरचे विसरूनही जातात. पण विषाणू मेंदूत पोचला आणि लक्षणं सुरू झाली की जगात कुठेही त्यावर खात्रीचा इलाज नाही. वाचलेले रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नोकरीत असताना मी असे रुग्ण पाहिले आहेत. पाण्याचा पेला तोंडाशी नेला की घसा आवळतो, पंख्याचा वाराही सोसत नाही, आणि बरेचदा शुद्ध शाबूत असते, आपल्याला काय होतंय ते कळत असतं. त्या आईबापांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसायचं. म्हणून या एका आजारात मी घरच्यांच्या भिडेखातर एक शब्दही मऊ करत नाही.

मंगळवारी दंडात दिली ती लस. लस दिली म्हणजे संरक्षण लगेच तयार होत नाही. पेरल्यावर उगवायला दिवस लागतात तसंच ते आहे. लस टोचल्यावर शरीराला स्वतःची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारी द्रव्यं, तयार करायला साधारण सात ते चौदा दिवस लागतात. तोवर जखमेतला विषाणू मोकळाच. हा मधला काळ सांभाळण्यासाठी तयार प्रतिपिंडं थेट जखमेत सोडतात. त्याला रेबीज इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात, दवाखान्यात त्याला नुसतं 'सिरम' असंही म्हणतात. विषाणू मज्जातंतूत शिरण्याआधी तिथल्या तिथे त्याला निकामी करायचं काम ते करतं. ते पहिल्या लसीच्या दिवशीच द्यायचं असतं. त्या दिवशी नाही जमलं तर पहिल्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं. त्यानंतर देत नाहीत, कारण एव्हाना शरीराची स्वतःची प्रतिपिंडं तयार होऊ लागलेली असतात आणि बाहेरून दिलेली त्यांच्या आड येऊ शकतात. तुमच्या मुलाची ही मुदत येत्या मंगळवारी संपणार होती, म्हणून मी फोनवर इतकी घाई केली.

शनिवारी तुम्ही पाहिलंतच, ते औषध दंडात देत नाहीत. पोटरीवरचे दोन्ही ठिपके धुऊन बारीक सुईनं प्रत्येक ठिपक्याच्या कडेनं आत सोडतात, तिथली कातडी फुगून येते, पोर रडतं, आईला पाय घट्ट धरून बसावं लागतं. चार-पाच मिनिटांचं काम. मात्रा वजनावर ठरते आणि त्यातलं जितकं जखमेत आणि जखमेभोवती मावेल तितकं तिथेच द्यायचं असतं. हे सिरम बरेचदा घोड्याच्या रक्तापासून केलेलं असतं, क्वचित कुणाला त्याची ॲलर्जी येते, म्हणून दिल्यावर लगेच घरी सोडत नाहीत, थोडा वेळ बसवून ठेवतात.

हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असेलच असं नाही. आपल्याकडे सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, किंवा मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठायचं. साताऱ्याकडच्या वाचकांनी क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाच तिकडे फोन करून साठा आहे का ते विचारायला सांगा, ते विचारतात. जखमेतल्या औषधासाठी दुसरीकडे जावं लागणार म्हणून लसीची पहिली सुई मात्र लांबवायची नाही. ती जवळ मिळेल तिथे त्याच दिवशी घ्यायची. तुम्ही तेवढं केलंत, ते फार बरं केलंत.

आता 'एवढासा दात'. ताई, या आजारात जखम किती मोठी हे बघत नाहीत, कातडी फुटली का ते बघतात. कुत्र्यानं धडधाकट कातडीला नुसतं चाटलं तर काही करायला नको, धुतलं की झालं. कातडीवर ओरखडा आहे पण रक्त नाही, किंवा उघड्या अंगाला नुसतं कुरतडलंय, तर लस. रक्त आलं, दात आत रुतला, आधीच्या जखमेवर किंवा डोळ्यात-तोंडात लाळ गेली, तर लस आणि जखमेत सिरम, दोन्ही. दोन ठिपके आणि थोडं रक्त हे या शेवटच्यातच येतं. ठिपक्यासारखी जखम फसवी असते, वरून बारीक दिसते आणि दाताच्या लांबीइतकी आत गेलेली असते. चेहरा, मान, हाताची बोटं इथं चावलं असेल तर धोका आणखी जास्त. तिथे मज्जातंतू दाट असतात, आणि चेहऱ्यापासून तर मेंदूही जवळ.

तुमच्या मिस्टरांचं 'दहा दिवस बघू' हे अगदीच हवेतलं नाही. कुत्र्याच्या लाळेत विषाणू यायला लागला की थोड्याच दिवसांत ते आजारी पडतं आणि मरतं. म्हणून चावलेलं कुत्रं दहा दिवसांनंतरही खाऊनपिऊन ठणठणीत असेल, तर चावलं त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरता येतं. पण हा हिशेब पाळलेल्या, साखळीला बांधलेल्या, रोज डोळ्यासमोर असलेल्या कुत्र्याचा किंवा मांजराचा. आणि तिथेही लस आधी सुरू करायची, कुत्र्यावर लक्ष नंतर ठेवायचं. दहा दिवसांनी पुढच्या सुयांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतात. तुमचं कुत्रं उसात गेलं ते गेलं. कुणाचं आहे ते माहीत नाही, जिवंत आहे का मेलं तेही नाही. गोठ्यात शिरून, काही कारण नसताना, एका वेळी म्हशीला आणि माणसाला चावणारं कुत्रं मी तरी साधं मानणार नाही. तोंडाला फेस नव्हता यावर जाऊ नका. लक्षणं दिसायच्या आधी काही दिवस लाळेत विषाणू असतो, आणि काही कुत्री पिसाळण्याऐवजी नुसती सुस्त होऊन कोपऱ्यात पडतात.

दोरा बांधून घ्यायला माझी हरकत एकाच गोष्टीला आहे, त्यात जाणाऱ्या वेळेला. काकांचं मन मोडायचं नसेल तर सगळ्या सुया झाल्यावर खुशाल जा.

सासूबाईंविषयी मात्र नीट लिहायला हवं. नातवाला लागलं म्हणून त्या हळदीचा डबा घेऊन धावल्या, त्यात त्यांची माया आहे. पण हळद, चुना, तिखट, मशेरी, ऑइल यांतलं काहीही या जखमेत भरायचं नाही. त्यानं विषाणू मरत नाही, जखम चिघळते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जखम धुवायची राहून जाते. धुणं हाच पहिला आणि खरा घरगुती इलाज आहे. या विषाणूवर एक चरबीचं आवरण असतं आणि साबणानं ते विरघळतं. म्हणून कपड्याचा असो की अंगाचा, हाताला येईल तो साबण घ्यायचा आणि नळाच्या किंवा मोटारीच्या वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा. दोन मिनिटांत पोर रडायला लागतं आणि आपण थांबतो, तसं थांबायचं नाही. उशीर झाला असला तरी धुवायचं, दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तरी धुवायचं. मग घरात असेल तर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावायचं आणि जखम उघडी ठेवायची. घट्ट पट्टी नको, टाकेही शक्यतो लगेच घालत नाहीत. घालावेच लागले तर आधी सिरम देतात. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का तेही डॉक्टरांना विचारायचं. पुढच्या वेळी आजीच मोरीत नातवाचा पाय धरून घड्याळ बघत उभ्या राहिल्या, तर त्यांच्याइतकं ते काम नेटानं दुसरं कुणी करणार नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात मला टोचली. मुलाच्या जखमेत आणि म्हशीच्या नाकाला हळद त्यांनीच बोटांनी भरली. दोन्हीकडे कुत्र्याची ताजी लाळ होती. शेतात काम करणाऱ्या बाईच्या बोटांना भेगा असतात, विळा लागलेला असतो, खुरप्यानं कातडी निघालेली असते. फोनवर तुम्ही म्हणालात, अंगठ्याजवळ कापलेलं होतं. म्हणून त्यांनाही दाखवायला सांगितलं. वाचकहो, चावलेल्याला उचलणारा, जखम पुसणारा, जनावराचं नाक धुणारा, या सगळ्यांनी आधी आपले हात बघायचे. ताज्या जखमेवर लाळ लागली असेल तर त्यांनाही लस आणि सिरम लागतं. जनावराची जखम धुताना हातात हातमोजे, नाहीतर निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या घालायच्या.

चौदा इंजेक्शनांचं भूत आता उतरवून टाका. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस पोटात द्यायचे, आणि ती २००५ पर्यंत आपल्या देशात बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी कातडीत देतात: पहिला दिवस धरायचा शून्य, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. प्रत्येक वेळी दोन्ही दंडांत एकेक थेंबभर. कुठे स्नायूत देतात, तेव्हा चौदाव्या दिवसाची एक वाढून पाच होतात. ती दंडात, अगदी लहान बाळाला मांडीत. कुल्ल्यावर कधीच नाही, तिथे लस नीट लागू होत नाही. पथ्य काही नाही. वांगं बंद, अंडं बंद, अंघोळ बंद, असलं काही नाही. सात वर्षांच्या मुलाला जी मात्रा तीच मोठ्या माणसाला. एखादी तारीख हुकली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची नसते, लक्षात येताच जाऊन राहिलेली घ्यायची.

आता म्हैस आणि दूध. इथं घाबरण्यासारखं कमी आहे आणि जपण्यासारखं जास्त आहे.

म्हशीला सोमवारी चावलं, तर विषाणू तिच्याही मज्जातंतूतून मेंदूपर्यंत जाऊन मग लाळेत उतरणार. त्याला आठवडे, कधी महिने लागतात. आज ती चारा खातेय, रवंथ करतेय, तर आज तिच्या लाळेपासून तुम्हाला धोका नाही. म्हणून तुम्हाला आत्ता लस लागत नाही. चावल्या दिवशी तिच्या नाकाला तुम्ही हात लावला नव्हता हे मी फोनवर विचारून घेतलं. पुढे कधी गरज पडलीच, तर गरोदरपणात लस आणि सिरम दोन्ही देता येतात. बाळाला त्यापासून अपाय नाही. गरोदर आहे म्हणून थांबणं, यातच आई आणि बाळ दोघांना धोका आहे. पाचवा असो की नववा, अंगावर बाळ पीत असो, या लसीला कशाचीच आडकाठी नाही.

दूध उकळून प्या. उकळल्यावर हा विषाणू टिकत नाही. दुधातून माणसाला रेबीज झाल्याचा पक्का पुरावा नाही, तरीही अशा जनावराचं निरसं दूध कुणी पिऊ नये. धारोष्ण दुधाचा पेला लेकराला द्यायची आपल्याकडची सवय या म्हशीपुरती तरी बंद ठेवा. शेजारणीला हेच सांगा: म्हैस चांगली आहे, डॉक्टर बघताहेत, दूध उकळून घ्या. आणि म्हैस आजारी दिसली तर तुम्ही स्वतः तिला कळवाल, हेही सांगा. लपवलं नाही की विश्वास राहतो. म्हैस आजारी पडली तर मात्र त्या दिवसापासून दूध घरात नको, डेअरीलाही नको. उकळलेलं दूध आधी प्यायलेल्यांना लसीची गरज नसते, सगळ्या वाडीनं रांग लावायचं कारण नाही.

पशुवैद्यकीय दवाखान्यात आजच कळवा, १९६२ हा फोनही आहे. चावल्यानंतर जनावरालाही लसीचा कोर्स देतात आणि तो लवकर सुरू करावा लागतो, दोन-तीन आठवड्यांनी आठवण होऊन उपयोग नाही. तिला दुसऱ्या जनावरांपासून बाजूला बांधा.

आता जे सांगते ते गोठ्यात काम करणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात धरावं. पिसाळलेली म्हैस कुत्र्यासारखी अंगावर धावून येईलच असं नाही. बऱ्याचदा ती चारा सोडते, लाळ गाळते, आवाज बदलतो, सारखी रेकत राहते. गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं घशात काहीतरी अडकलंय, कणसाचा दांडा असेल, गाजर असेल. मग कुणीतरी कोपरापर्यंत हात घालून बघतो, दुसरा जबडा धरतो, तिसरा नळीनं काढा पाजतो. म्हैस दोन-चार दिवसांत मरते, आणि तिघांच्याही हाताला दात घासलेले असतात. कुत्रं चावलेलं जनावर पुढच्या काही महिन्यांत असं वागलं, तर तोंडात हात घालायचा नाही, डॉक्टर येईपर्यंत लांबून बांधून ठेवायचं. मेलंच तर कातडं काढायचं नाही, खोल पुरायचं.

तुमच्या शाळेतल्या बाईंच्या कानावर एक गोष्ट घाला. कुत्रं चावल्याचं मुलं घरी सांगत नाहीत. रागावतील, सुई देतील म्हणून पाटी-दप्तराआड लपवतात. जगभरात संशयित पिसाळलेली जनावरं ज्यांना चावतात त्यांतली सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. कुत्र्याच्या पिल्लाशी खेळताना ओरखडा निघाला तरी सांगायचं, पिल्लू आहे म्हणून सूट नाही. मांजर, मुंगूस, सहलीला महाबळेश्वरला गेल्यावर हातातलं कणीस ओढताना बोचकारणारं माकड, सगळ्यांना हाच नियम. सांगणाऱ्या मुलाला त्या दिवशी कुणी ओरडायचं नाही, एवढं घरातल्या मोठ्यांनी पाळावं.

ग्रामपंचायतीकडेही विषय काढा. गावातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली तर आजाराची साखळी तुटते. मारून टाकून ती तुटत नाही, मोकळ्या जागेत बाहेरची नवी, बिनलसीची कुत्री येतात. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो, पशुवैद्यकीय दवाखान्याला सांगून त्या आठवड्यात गावात लसीकरण ठेवता येईल.

मुलाची तिसरी सुई येत्या मंगळवारी आहे. चौथी अठ्ठाविसाव्या दिवशी, तोही मंगळवारच. चौथीपर्यंत जखमेचा डागही राहत नाही, म्हणून सगळ्यात जास्त तीच राहून जाते. कॅलेंडरवर आजच गोल करून ठेवा. दोन्ही दवाखान्यांचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर ठेवा. कोर्स पुरा झालेल्या मुलाला पुढे पुन्हा कधी कुत्रं चावलं, तर जखम धुतल्यावर त्याच दिवशी आणि तिसऱ्या दिवशी अशा दोनच फेऱ्या लागतात, जखमेतलं सिरम लागत नाही. पण त्यासाठी डॉक्टरांना हे कागद दाखवावे लागतात.